तीन ‘नको’

‘सुधारणेला आमचा विरोध नाही, परंतु...’

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, फायलींतली निम्मी पत्रे या वाक्याने सुरू होतात. अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, माडीवरच्या दोन खोल्यांत त्यांचा जन्म गेला. कचेरीतून आले, चहा झाला, की ते वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र सांगायला बसत. ‘सांगायला’ असे मुद्दाम म्हणते, कारण लिहायचे काम आत्याचे. अण्णांचे अक्षर अण्णांनाच लागत नसे. आत्याचे अक्षर छापल्यासारखे. रेघी फुलस्केप, खाली कार्बन आणि त्याखाली कचेरीतून आलेला पाठकोरा कागद. पत्र पोस्टाच्या पेटीत टाकायला मी पळायची, आणि पाठकोऱ्या कागदावरची प्रत फायलीत जायची.

विषयांना तोटा नव्हता. गणपतीच्या मांडवातली सिनेमाची गाणी. लग्नातली पंगत मोडून आलेले उभ्याने जेवण. वाढदिवसाला मेणबत्त्या फुंकणे (‘आपण दिवा लावतो, विझवीत नाही’). मुलींच्या हाती आलेल्या स्कूटरी. देवस्थानांच्या कारभारात सरकारने घातलेले लक्ष. मंत्र्याच्या स्वागतासाठी शाळेची मुले उन्हात उभी करणे. राजकारण, घर आणि करमणूक या तिन्ही प्रांतांत अण्णांची लेखणी सारख्याच अधिकाराने फिरे.

वाडा पाडून इमारत व्हायचे ठरले तेव्हा माळा रिकामा करताना या फायली माझ्या हाती आल्या. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी कागद वाचायची खोड आहे. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की अण्णांचा तो ‘परंतु’ त्यांचा एकट्याचा नाही. पुण्याच्या सनातनी लेखणीत तो दीडशे वर्षे वाहत आलेला आहे. तो कुठून आला, कसा चालतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. परंपरावादी टीकाकार म्हणजे कुठल्याही बदलाला ‘नाही’ म्हणणारा माणूस, असे आपण धरून चालतो. कागदपत्रे पाहिली तर असा माणूस फार क्वचित भेटतो. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकरच घ्या. मिशनऱ्यांवर, लोकहितवादींवर, जोतीराव फुल्यांवर त्यांनी जी धार चालवली ती प्रसिद्ध आहे. पण त्यासाठी त्यांनी वापरलेली हत्यारे सगळी नवी होती: छापखाना, मासिक, इंग्रजी निबंधाच्या वळणाचे गद्य. १८८० साली त्यांनी टिळकांना बरोबर घेऊन न्यू इंग्लिश स्कूल काढले, हे नावही पाहावे. दुसऱ्याच वर्षी ‘केसरी’ निघाला आणि त्याच्या संपादकपदी बसले आगरकर. पुढे मतभेद विकोपाला गेले आणि आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला. म्हणजे सनातनी आणि सुधारक ही दोन्ही घराणी एकाच बिऱ्हाडातून वेगळी निघालेली आहेत. एकमेकांचे स्वयंपाकघर त्यांना ठाऊक होते, म्हणूनच भांडण इतके झोंबरे झाले.

हे भांडण नीट पाहिले तर सनातनी बाजूचे म्हणणे तीन नकारांत मावते. ‘तुम्ही नको’, ‘आता नको’ आणि ‘चारचौघांत नको’. पहिला नकार बदल करणाऱ्याला आहे, दुसरा वेळेला आणि तिसरा जागेला. खुद्द बदलाविषयी तिन्हींत चकार शब्द नाही, आणि त्यातच या टीकेची ताकद आहे.

‘तुम्ही नको’चे सर्वांत मोठे उदाहरण संमतिवयाच्या कायद्याचे. १८६० च्या दंडसंहितेत संमतीचे वय दहा होते. बेहरामजी मलबारींनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध मोहीम चालवली होती. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही कोवळी मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली आणि प्रश्न पेटला. १८९१ च्या जानेवारीत विधेयक आले: वय दहाऐवजी बारा करावे. पुण्यात सभांमागून सभा झाल्या. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्राचे आधार देऊन विधेयकाची बाजू मांडली. टिळकांनी शास्त्रार्थानेच त्यांना उत्तर दिले. सुधारकांची सभा उधळली गेली. १९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर झाले.

पण या सगळ्याच्या आधी, १८९० सालीच, टिळकांनी पुण्यात एक सूचना मांडली होती. तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. मुलीचे लग्न सोळा वर्षांपूर्वी आणि मुलाचे विसापूर्वी करू नये, चाळिशी उलटलेल्या पुरुषाने लग्न करू नये, केलेच तर विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये, विधवेचे केशवपन करू नये, अशी ती यादी होती. अट एकच: ज्यांना हे पटते त्यांनी सही करावी आणि ते स्वतःवर बंधनकारक मानावे. सरकारने मध्ये पडू नये.

सरकार बारा म्हणत असताना टिळक सोळा म्हणत होते. मग विरोध कशाला? परक्या राज्यकर्त्याच्या हातात माजघराची किल्ली द्यायला. हा मुद्दा पोकळ नव्हता. परकी सत्ता एकदा घरात शिरली की कुठवर जाईल, ही भीती खरी होती. सुधारक व्याख्यानात बोलतात ते घरात करत नाहीत, हा टोमणाही अनेकांच्या बाबतीत खरा होता. सही करायला फारसे कोणी पुढे आले नाही, हे टिळकांच्या पथ्यावर पडले.

तरी एक गोष्ट उरतेच. सही करणारा बाप आणि सही न करणारा बाप यांतला फरक वाद घालणाऱ्यांना दिसत होता. ज्या मुलीच्या बापाने सही केली नाही, तिचे काय, या प्रश्नाला त्या सूचनेत उत्तर नव्हते. स्वेच्छेचा मार्ग ज्याला इच्छा आहे त्याच्यासाठीच खुला असतो, आणि दहा वर्षांच्या मुलीची इच्छा कोणी विचारत नव्हते. आगरकरांना हे दिसले. त्याबद्दल त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली.

‘आता नको’ हा नकार अधिक सौम्य, म्हणून अधिक टिकाऊ. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेच आपले हुजूरपागा. मुलींनी शिकू नये असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सरसकट म्हणत नव्हते. मुलांचाच अभ्यासक्रम मुलींना कशाला, शाळेचे तास इतके कशाला, घरकामाची सवय मोडली तर सासरी निभावणार कसे, असे त्यांचे प्रश्न होते. रंगभूमीनेही आपला वाटा उचलला. नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणी शिक्षण नाटिका’ १८८६ ची. शिकलेल्या बायकांची त्यात यथेच्छ टर उडवली आहे. आजच्या मालिकांत इंग्रजी बोलणारी, स्वयंपाक न येणारी सून दिसली की मला ही नाटिका आठवते. पात्र तेच, पोलके तेवढे बदलले.

आणि हे सगळे पुरुषच करत होते असे नाही. रमाबाई रानड्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचाव्यात. त्या इंग्रजी शिकतात म्हणून घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना कसे टोचून बोलावे, त्याचे चित्र तिथे आहे. त्या बायकांना कुठले वर्तमानपत्र मिळाले नाही, म्हणून त्यांची टीका संग्रहित नाही, इतकेच.

तीस वर्षांनी तोच नकार नगरपालिकेच्या सभागृहात आला. १९१८ च्या विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली. १९२० च्या सुमारास पुण्यात प्रश्न उभा राहिला: सक्ती मुलामुलींना एकदमच लावायची, की आधी मुलांना? टिळकपक्षाचे म्हणणे असे की दोघांसाठी पैसा नाही. मुलांपासून सुरुवात करावी, मुलींचे पुढे पाहू. या भूमिकेविरुद्ध स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि त्यांत रमाबाई रानडे पुढे होत्या. आतापर्यंत धर्मशास्त्रावर उभा असलेला नकार इथे अंदाजपत्रकावर उभा राहिलेला दिसतो. कारणे बदलत गेली, पण रांगेत मागे उभे राहायला सांगितले गेलेले माणूस तेच राहिले.

तिसरा नकार ‘चारचौघांत नको’. याची सुरुवात एका चहाच्या पेल्याने करता येते. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली. मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटे पुढे केली. कोणी घेतली, कोणी हाताने बाजूला सारली. घरी जाऊन सगळे विसरलेही असते. पण गोपाळराव जोश्यांच्या उचापतीने हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चहा पिणाऱ्यांत टिळकही होते आणि रानडेही. दोघांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला. रानड्यांनी ते घ्यावे याचे त्यांच्या चाहत्यांना फार वाईट वाटले. खासगीत किती जणांनी काय काय खाल्ले-प्यायले असेल, त्याचा हिशेब कोणी मागितला नव्हता. पेला ओठाला लागल्याने धर्म बुडाला नव्हता; नाव छापून आल्यावर बुडाला.

हीच कथा र. धों. कर्व्यांची. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. लोक त्यांना आपल्या लैंगिक अडचणी विचारत आणि ते सरळ छापील उत्तर देत. १९३४ साली त्याबद्दल त्यांच्यावर खटला चालला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. कर्व्यांना प्रश्न पाठवणारी माणसे मराठी घरांतलीच होती. अडचणी घरोघर होत्या. गुन्हा होता तो त्या मोठ्याने बोलण्याचा.

आणि मग १९७२. इथे मी माझ्या पेठेत, माझ्या वाड्यात परत येते.

१६ डिसेंबर १९७२ रोजी सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंदांची, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. नाना फडणवीसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी केली म्हणून गदारोळ झाला. हे ऐतिहासिक नाटक नाही, असे तेंडुलकर सांगत होते. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. त्यातल्या कलावंतांनी १९७३ साली थिएटर ॲकॅडमी काढली, आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभे राहिले. १९८० साली ते युरोपला निघाले तेव्हा पुन्हा तेच वादळ उठले. त्या वेळचा आक्षेप मासलेवाईक होता: आपल्या घरात काय ते बोला, जगापुढे नको. ‘चारचौघांत’ची व्याख्या भरत नाट्यच्या पिटातून थेट बर्लिनपर्यंत वाढली होती.

अण्णांनी १९७३ च्या जानेवारीत या नाटकाविरुद्ध लिहिलेले पत्र फायलीत आहे. दोन पाने, आत्याच्या त्या सुरेख अक्षरात. ‘कलास्वातंत्र्याला आमचा विरोध नाही, परंतु...’ असा आरंभ. नानांची राज्यकारभारातली थोरवी, मग पूर्वजांची अब्रू, मग घरातल्या लेकीसुनांना घेऊन असले नाटक कोण बघणार, हा प्रश्न. शेवटी, ‘हे नाटक आम्ही पाहिलेले नाही आणि पाहण्याची आवश्यकताही वाटत नाही.’ पत्र छापून आले नाही. अण्णांना ते बरेच दिवस लागून राहिले होते.

मी ते पत्र घेऊन आत्याकडे गेले. आत्या आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे, कर्वेनगरला भाच्याकडे असते. तिने चष्मा लावला, पान उजेडात धरले आणि हसली.

“अक्षर बघ कसं होतं माझं.”

“आत्या, यातलं काही तुला पटलं होतं का गं?”

“मी पाहिलं होतं ते,” ती म्हणाली.

“काय पाहिलं होतंस?”

“घाशीराम. मैत्रिणीबरोबर. दादाला सांगितलं, तुळशीबागेत जाऊन येते.”

तिने मला त्या ओळीत उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांची भिंत हाताने हवेत काढून दाखवली, ती कशी हलायची, कशी उघडायची आणि मिटायची. पन्नास वर्षे झाली होती. मग हळूच म्हणाली की तिला स्वतःला नाटकात काम करायचे होते. शाळेत केलेही होते. कॉलेजात असताना एकांकिकेसाठी बोलावणे आले. दादा म्हणाला, आता नको, लग्न झाल्यावर सासरच्यांना विचार. लग्न झालेच नाही, तेव्हा विचारायला कोणी उरले नाही.

मी विचारले, “मग पत्र लिहिताना तू अण्णांना सांगितलं का नाहीस, की मी नाटक पाहिलंय, ते तसं नाहीये?”

“त्यानं विचारलं नाही,” आत्या म्हणाली. “तो सांगत होता, मी लिहीत होते.”

त्या दुपारपासून अण्णांची सगळी फाईल मला निराळी दिसू लागली. घराची काळजी हा त्या पत्रांचा गाभा आहे. लेकीसुना, आयाबहिणी हे शब्द पानापानावर आहेत. आणि त्यातली एक बहीण हातभर अंतरावर बसून ते शब्द लिहून घेत होती. तिचे मत पत्रात कुठेच नाही, कारण ते मागितलेच गेले नाही. १८९१ च्या सभांत शास्त्रार्थ झाले, सह्यांची भाषा झाली. दहा वर्षांच्या मुलीला कोणी विचारले नाही. १९२० साली अंदाजपत्रक मांडले गेले. रांगेत मागे ठेवलेल्या मुलींच्या बाजूच्या स्त्रियांना विचारले जात नाही म्हणून रस्त्यावर यावे लागले. तीन नकारांना जोडणारा धागा मला इथे सापडला. ‘आता नको’ म्हणणारा स्वतः कधी थांबत नाही. थांबते दुसरेच कोणी, आणि ते बहुधा लिहिणाऱ्याच्याच घरात असते.

अण्णांवर अन्याय करायचा नाही. याच अण्णांनी मला हुजूरपागेत घातले. मी एम. ए. झाले तेव्हा त्यांनी वाड्यात पेढे वाटले आणि ‘आमच्या घराण्याची परंपराच आहे शिक्षणाची’ असे सगळ्यांना सांगितले. ज्या शाळेच्या अभ्यासक्रमावर एके काळी अग्रलेखांचे आसूड पडले, ती शाळा ऐंशी वर्षांत सोवळ्या घरांची पहिली पसंती झाली होती. परंपरा अशीच वाढते. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३-९४ सालचा, म्हणजे नवीनच प्रकार. आज तो आपल्याला अनादि वाटतो. त्यात आता नऊवारी नेसून, कमरेला ढोल बांधून मुली लक्ष्मी रस्त्याने जातात, आणि ते पाहून ज्यांचे डोळे पाणावतात त्यांत अण्णांच्या वळणाची माणसे पुष्कळ असतात. १८९१ साली बारा वर्षांच्या अटीवरून पुणे पेटले. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचेच वय चौदा केले. आज अठरा हे वय सांगताना कुणाला धर्म आठवत नाही.

सनातनी लेखणीचे काही उपकारही मान्य केले पाहिजेत. बोलणे आणि वागणे यांतली फट तिने सुधारकांना सतत दाखवली. बाहेरून लादलेला बदल वरवरचा राहतो, हे तिचे म्हणणे इतिहासाने अनेकदा खरे ठरवले. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली आले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी त्याच पुण्यातल्या प्रेक्षकांनी पाहिली आणि डोळे पुसले, कारण सांगणारा आपल्यातला होता. उन्हात उभ्या केलेल्या शाळकरी मुलांबद्दलचे अण्णांचे पत्र मी आजही जसेच्या तसे सही करून पाठवीन. प्रश्न विचारणारा, ‘जरा थांबा’ म्हणणारा माणूस समाजाला हवाच असतो. फक्त त्याने थांबा म्हणण्यापूर्वी शेजारी वळून बघावे, की थांबणार कोण आहे.

आज आमच्या पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. लातूर, नांदेड, सोलापूरकडून आलेली मुलेमुली स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन रात्री उशिरापर्यंत बसतात, खानावळीत जेवतात. त्यांना खोल्या देताना लावलेल्या पाट्यांवर ‘आमचा विरोध नाही, परंतु’ची नवी आवृत्ती रोज वाचायला मिळते. मोबाइलवर सकाळी येणाऱ्या उपदेशांतही तीच आहे: मुली शिकल्या ते चांगले झाले, परंतु. मी आता असे काही वाचले की मनात तीन खाने आखते. नकार माणसाला आहे, वेळेला आहे की जागेला? आणि मग चौथा प्रश्न: हे ज्याच्याविषयी लिहिले आहे, त्याला विचारले होते का?

फायली मी रद्दीत घातल्या नाहीत. ‘घाशीराम’चे ते पत्र मात्र आत्याने ठेवून घेतले. “दादाचं आहे ना,” मी म्हटले. “मजकूर दादाचा,” ती म्हणाली, “अक्षर माझं आहे.”